या आठवड्यात करून पाहू

शनिवारी संध्याकाळी आमच्या घरात डेडलाइन असते. झेरॉक्सवाला साडेआठला शटर ओढतो, त्याआधी पान त्याच्या हातात पडायला हवं. ए-फोर कागदावर तोच मजकूर दोनदा, मग कागद मधोमध कापायचा, म्हणजे वीस कागदांत चाळीस प्रती होतात. हा हिशोब पप्पांचा. आमच्या मंडळीत साधारण चाळीस घरं आहेत, घरटी एक प्रत. रविवारी उपासना संपली की दाराशी, छत्र्या ओळखायच्या गडबडीत, पान हातात पडतं.

पप्पा हे पान चौदा वर्षं लिहीत होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतले मास्तर, त्यामुळे रचना एकदा ठरली ती ठरली. वर एक वचन, मधे पंधरा-वीस ओळींचं चिंतन, आणि खाली पट्टीने आखलेली चौकट. चौकटीचं शीर्षक: 'या आठवड्यात करून पाहू'. चिंतन लोक वाचत असत की नाही ते देव जाणे, चौकट मात्र सगळे वाचायचे. उठल्याउठल्या एक तांब्या पाणी. जेवताना टीव्ही बंद. भाट्याच्या पुलापर्यंत चालत जाऊन येणं, तेही फोन घरी ठेवून. लोणचं आणि सुकट एकाच जेवणात नको. ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याला फोन. या शेवटच्या चौकटीमुळे कलमांच्या बांधावरून अबोला धरलेले दोन भाऊ सहा वर्षांनी फोनवर बोलले आणि त्याच फोनवर पुन्हा भांडले, असं पप्पा स्वतःच सांगायचे. सगळ्यात जास्त विरोध झाला तो एका मे महिन्यातल्या चौकटीला: आंबा एका वेळी एकच. रत्नागिरीत राहून हे लिहायला धाडस लागतं.

मला या पानाची लाज वाटायची, हे सांगून टाकते. शाळेत असताना नाही, तेव्हा प्रती कापायचं काम माझं होतं आणि कात्री चालवायला आवडायचं. पुण्याला नोकरीला लागल्यावर वाटायला लागली. अर्धं प्रवचन, अर्धं आरोग्यविषयक सदर. त्यात पप्पांची भाषा इतकी साधी की कुठे थांबून कौतुक करावं असं एकही वाक्य नाही. दर रविवारी ते पानाचा फोटो मला पाठवायचे. मी अंगठा दाखवायचे आणि बहुतेक वेळा फोटो न उघडताच दाखवायचे.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये पप्पांना स्ट्रोक आला. सकाळी चहाचा कप उजव्या हातातून सुटला, आणि शेजारच्या काकूंना हाक मारायला गेले तर शब्द भलताच निघाला. काकूंनी शहाणपणा केला, झोपवून ठेवलं नाही, रिक्षात घालून थेट दवाखान्यात नेलं. रक्ताच्या गुठळीचा स्ट्रोक असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. पप्पा त्यात बसले. मी रात्रीच्या गाडीने आंबा घाटातून उतरत होते तेव्हा ते झोपले होते आणि मी जागी होते. घाटात पाऊस एवढा की ड्रायव्हरसुद्धा काही बोलत नव्हता.

घरी आणल्यावर आठव्या दिवशी मी त्यांचं टेबल आवरायला घेतलं. वरच्या खणात चिंतनाच्या फायली, वर्षवार, दोऱ्याने बांधलेल्या. खालच्या खणात बी.पी.च्या गोळ्यांच्या स्ट्रिप. न फोडलेल्या. मी त्या महिन्यांप्रमाणे टेबलावर मांडल्या. अकरा महिने भरले.

मम्मी नर्स होती. ती असताना गोळी हा विषयच नव्हता. सकाळच्या चहाच्या बशीत, बिस्किटाच्या शेजारी, गोळी असायची आणि पप्पा ती बिस्किटासारखीच उचलायचे. मम्मी जाऊन तीन वर्षं झाली. औषधवाला दर महिन्याच्या पाच तारखेला पुडकं घरी पोचवत होता, पप्पा पैसे देत होते, पुडकं खणात जात होतं.

वरच्या खणातली त्या वर्षाची फाइल मी सोडली. त्या अकरा महिन्यांत दोन चिंतनं शरीराबद्दल होती. करिंथकरांच्या पत्रातला तो सगळ्यांना पाठ असलेला विचार, की शरीर हे पवित्र आत्म्याचं मंदिर आहे. एका चौकटीत लिहिलं होतं: चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने या आठवड्यात रक्तदाब तपासून घ्यावा. खाली पप्पांची वळणदार सही.

मी त्या दिवशी काही बोलले नाही. माणूस चमच्याने पेज खात असताना काय बोलणार.

पहिला शनिवार तसाच गेला. दुसऱ्या शनिवारी पप्पांनी डाव्या हाताने खुणेने फाइल मागितली. बोलणं तोपर्यंत बरंच परत आलं होतं, पण सावकाश. मधेच एखादा शब्द हरवायचा आणि तो सापडेपर्यंत पुढचं वाक्य दाराबाहेर थांबून राहायचं. म्हणाले, "तू लिही. मी सांगतो."

मी पुण्यात चर्चला जायचे ती नाताळात. विश्वास गेला असं म्हणता येणार नाही, कारण जाण्यासाठी कुठल्यातरी दिवशी तो निघावा लागतो. माझ्या बाबतीत फक्त रविवार उशिरा उजाडायला लागले. पण आजाऱ्याला नाही कोण म्हणणार. मी लॅपटॉप घेतला. ते म्हणाले, लॅपटॉप नको, वही. वही घेतली. तीन ओळी त्यांनी सांगितल्या, मग दमले आणि डोळे मिटले. पावणेआठ वाजले होते. उरलेल्या बारा ओळी मी लिहिल्या, त्यांच्या जुन्या फायली बघून, त्यांच्यासारख्या. चौदा वर्षांची सातशेच्या आसपास पानं समोर असल्यावर ते अजिबात कठीण नसतं. रविवारी दाराशी एक मावशी माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आजारी असूनपण किती छान लिहिलंय गं त्यांनी." मी "हो" म्हणाले.

असे पाच रविवार गेले.

इथे जरा आम्ही कोण ते सांगायला हवं, कारण रत्नागिरीतसुद्धा निम्म्या लोकांना ते सांगावं लागतं. ख्रिस्ती म्हटलं की पुढचा प्रश्न 'गोव्याचे का?'. नाही. घरात मराठी, प्रार्थना मराठी, भांडणं मराठी. कोकणात प्रोटेस्टंट मिशनरी आले ते 1823 मध्ये, स्कॉटलंडहून, बाणकोटला. रत्नागिरीत अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन आलं 1870 च्या दशकात. त्याच मिशनचे डॉक्टर वान्लेस यांनी 1894 मध्ये मिरजेचं इस्पितळ सुरू केलं. आजही आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी 'मिरजेला नेलं' या दोन शब्दांत सगळं येतं: दुखणं मोठं होतं, घरच्यांनी हात टेकले नव्हते आणि पैसे कुठूनतरी उभे केले होते. त्यामुळे धर्म आणि औषध आमच्याकडे कधी वेगवेगळ्या दारांनी आले नाहीत. मम्मीसारख्या कितीतरी बायका नर्स झाल्या त्या याच वाटेने. पप्पांची चौकट मला आधी विचित्र वाटायची ती या इतिहासाशी जुळवून पाहिली तर अगदी घरंदाज निघते.

आणि दर आठवड्याला मराठीत चिंतन लिहिणं हेही काही पप्पांनी शोधलेलं नाही. फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये छापलं गेलं. गोव्यातल्या चर्चमधून ते रविवारी आणि सणाच्या दिवशी वाचलं जाई. 'ज्ञानोदय' 1842 मध्ये नगरला सुरू झाला, आणि 1912 पासून 1919 मध्ये मरेपर्यंत त्याचा मराठी भाग नारायण वामन टिळक सांभाळत होते. टिळक आमच्या जिल्ह्यातले, दापोलीकडच्या करजगावात जन्मलेले. पप्पांना याचा असा अभिमान होता की जणू दोघं एकाच शाळेत होते. टिळकांची गोष्ट त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली आहे: 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एक अनोळखी गोरा माणूस भेटतो, नव्या कराराची प्रत देतो, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगून उतरून जातो. टिळक वाचत वाचत मत्तयाच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी येतात आणि तिथून त्यांचा पाय निघत नाही. 1895 च्या फेब्रुवारीत बाप्तिस्मा. पुढे 'ज्ञानोदया'त ते सातत्याने अभंग लिहीत राहिले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत.

लहानपणी मला या गोष्टीतला गोरा माणूस आवडायचा. आता मला लक्ष्मीबाई आवडतात. 'स्मृतिचित्रे' मी स्ट्रोकनंतरच्या त्या पावसात पुन्हा वाचलं, पप्पांच्या पलंगाशेजारी बसून, आणि ते सपाट्याने वाचता येत नाही हे नव्याने कळलं, कारण दर दोन पानांनी हसू येतं आणि पप्पा विचारतात काय झालं. एवढा मोठा माणूस, कवी, उपदेशक. आणि बायको त्याचा राग, त्याचा विसराळूपणा, घरात पैसा टिकू न देण्याची त्याची खोड हे सगळं लिहिते. झाकत नाही आणि तक्रारही करत नाही. त्यामुळे टिळक लहान होत नाहीत. मला तर त्यांच्या कवितांपेक्षा या पुस्तकातल्या टिळकांवर जास्त विश्वास बसतो. हे वाचत असताना खालच्या खणातल्या स्ट्रिपांचा विचार मनात येणारच.

पण माझ्याही खणात काही कमी नव्हतं. मी ज्या टीममध्ये आहे ती पैशांच्या व्यवहारांची सिस्टिम चालवते. आठवडाभर पाळी असते; रात्री तीनला अलर्ट वाजला तर उठायचं. पाळी नसलेल्या आठवड्यातही मला तीनला जाग यायची. ॲसिडिटीच्या गोळ्या मी चॉकलेटसारख्या खात होते. आणि मनगटावर बँड, फोनमध्ये सवयींचं ॲप, त्यात हिरव्या ठिपक्यांची सलग माळ: पाणी, व्यायाम, वाचन, ध्यान. दहा हजार पावलं भरावीत म्हणून मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून खोलीत फेऱ्या मारायचे. हा दहा हजारांचा आकडा 1965 मध्ये एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकताना नावात घातला होता हे मला माहीत होतं, तरी ते भरायचेच. रात्री पावणेबाराला 'ध्यान' राहिलंय असं ॲप सांगायचं, मग मी बटण दाबून दात घासायचे. ठिपका हिरवा.

हा ठिपक्यांचा खेळ जुना आहे, हे मला नंतर कळलं. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोलाने आध्यात्मिक साधनेचं जे पुस्तक लिहिलं त्यात आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी ओळी आखून दिल्या आहेत. एक दोष निवडायचा, तो जितक्या वेळा घडला तितके ठिपके दुपारी आणि रात्री त्या दिवसाच्या ओळीवर द्यायचे. ओळी रविवारपासून पुढे आखूड होत जातात, कारण दोष कमी होत जाणार ही अपेक्षा. मला त्या आखूड होत जाणाऱ्या ओळी फार आवडल्या. डिझाइन करणाऱ्याला माणसं माहीत होती आणि तरी आशा होती. बेंजामिन फ्रँकलिननेही तेरा सद्गुणांचा तक्ता केला होता, दर आठवड्याला एक गुण, म्हणजे वर्षात चार फेऱ्या. पण या दोघांच्या वहीत ठिपका म्हणजे चूक. माझ्या ॲपमध्ये ठिपका म्हणजे शाबासकी. एवढ्या एका फरकाने खोटं बोलणं किती सोपं झालं!

पप्पांना हे सगळं मी सांगितलं, त्यांचा उजवा हात उशीवर ठेवून बोटं एकेक करून उघडत असताना. फिजिओथेरपिस्टने दिवसातून चार वेळा करायला सांगितलेला व्यायाम होता तो. ते ऐकून म्हणाले, "तू मग काय करतेस? देवाला... ते..." शब्द हरवला. मी थांबले. "फसवतेस?"

तेव्हा मी खणाचं बोलले. ठरवून नाही. बोलले ते बरं बोलले नाही. मम्मीचं नाव घेतलं, सहीचं बोलले, मंदिराचं बोलले. अकरा महिने, पप्पा. ते छताकडे बघत राहिले. त्यांची बोटं माझ्या हातात होती, आणि ती सोडवून घेण्याइतका जोर त्यांच्यात नव्हता हे माझ्या नंतर लक्षात आलं.

उत्तर यायला दोन दिवस लागले. तेही तुकड्यातुकड्यांनी. मम्मी गेल्यावर पहिली दोन वर्षं गोळी घेतली. मग एकदा तपासलं तर नॉर्मल. पुन्हा नॉर्मल. तिसऱ्यांदा नॉर्मल आल्यावर त्यांनी प्रार्थनेत आभार मानले आणि गोळी बंद केली. (आमच्या धंद्यात याला नाव नाही, पण हे आम्ही नेहमी करतो: सहा महिने सिस्टिम पडली नाही म्हणून तिच्यावर लक्ष ठेवणारी यंत्रणाच काढून टाकतो.) रक्तदाब वाढलेला कळत नाही, दुखत नाही, काहीच होत नाही. औषधवाल्याला नको म्हटलं असतं तर त्याने का विचारलं असतं, आणि चौकशीला उत्तर देण्यापेक्षा पुडकं घेणं सोपं. एवढं मला समजू शकत होतं. पुढचं त्यांनी सगळ्यात शेवटी सांगितलं, भिंतीकडे तोंड करून.

"पान लिहिलं ना, की... झाल्यासारखं वाटायचं."

यावर मी काही बोलू शकले नाही. मी पावणेबाराला बटण दाबून दात घासत होते.

त्या शनिवारी मी माझं पान लिहिलं. पप्पांच्या आवाजात नाही, माझ्या. विषय एलीया. राजांच्या पहिल्या पुस्तकात हा एवढा मोठा संदेष्टा, आकाशातून अग्नी उतरवलेला, दुसऱ्याच दिवशी राणीच्या धमकीने पळत सुटतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. त्यावर देव त्याला उपदेश करत नाही. झोपू देतो. देवदूत उठवतो ते निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू देऊन; तो खातो, पितो, पुन्हा झोपतो. पुन्हा उठवून पुन्हा खायला घालतो. काय झालं रे बाबा तुला, हा प्रश्न कितीतरी नंतर येतो, डोंगरावर पोचल्यावर. मी लिहिलं की हे मला शाळेत असल्यापासून माहीत होतं आणि तरी मी चार वर्षं नीट झोपले नाही. चौकटीत लिहिलं: या आठवड्यात झोपून पाहू. खाली माझी सही केली. पप्पांनी वाचलं, 'ठीक' म्हणाले. मास्तरांचं 'ठीक' म्हणजे दहापैकी सहा.

रविवारी कोणी विशेष काही म्हणालं नाही. एका तरुण मुलाने विचारलं, "ताई, हे पान आता तुम्ही लिहिणार का?" आवाजात काळजी होती असं मला वाटलं.

पुढच्या मंगळवारी पप्पांनी मला बोलावून सांगितलं की या शनिवारी ते सांगणार, पूर्ण, आणि मी एक शब्दही घालायचा नाही. शनिवारी दुपारी तीनला सुरुवात केली. विषय मान्ना. निर्गमातली गोष्ट: इस्राएल लोकांना रानात रोज सकाळी आकाशातून अन्न मिळतं, पण त्या दिवसापुरतंच. उद्यासाठी साठवून ठेवलं की त्यात किडे पडतात, घाण सुटते. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट घ्यायचं, ते टिकतं. पप्पांनी हे आधी निदान चार वेळा लिहिलंय, फायलींत आहे. या वेळी त्यांनी गोष्ट पाच ओळींत उरकली आणि मग सांगितलं: माझ्या खणात अकरा महिन्यांचा मान्ना साठलेला सापडला. किती स्ट्रिप, कधीपासून, सगळं. नॉर्मल आलं म्हणून बंद केल्याचं. देवाचे आभार मानल्याचं. ज्या आठवड्यात रक्तदाब तपासा असं तुम्हाला लिहिलं त्या आठवड्यात स्वतः तपासला नव्हता, हेही.

मी म्हटलं, "पप्पा, एवढं नको." अगदी खरं सांगायचं तर मला भीती वाटली. खणात त्यांना पकडताना मला जे हवं होतं ते हे नव्हतं. चाळीस घरांत हा कागद जाणार होता. आमच्या मंडळीत चाळीस घरं म्हणजे चाळीस स्वयंपाकघरं. त्यांनी डावा हात पलंगावर आपटला. उजवा आपटला असता तर आवाज झाला असता. "लिही."

मी लिहिलं. सव्वाआठला झेरॉक्सवाल्याकडे पोचले, भिजून.

त्या रविवारी छत्र्या ओळखायला वेळ लागला, कारण लोक व्हरांड्यात उभे राहूनच वाचत होते. वडीलमंडळातले एक जण माझ्याकडे आले आणि म्हणाले की पप्पांची तब्येत ठीक नाही हे आम्ही समजू शकतो, पण चिंतनात गोळ्याबिळ्या कशाला, विश्वासाचं लिहावं. नवीन विश्वासू लोक वाचतात, त्यांना काय वाटेल. मी पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी काय घ्यायला सांगितलं होतं ते बोलणार होते, पण तो मुद्दा द्राक्षारसाचा असल्यामुळे गिळला. ते रागावलेले नव्हते. दुखावलेले होते, आणि त्यांचं अगदीच चूक होतं असं मला अजूनही म्हणता येत नाही. चौदा वर्षं त्यांनी त्या सहीवर विसंबून आंबा एकच खाल्ला असेल.

मग ती हात धरणारी मावशी. तिने मला दानपेटीच्या मागे नेलं आणि हळूच विचारलं, "गोळी जेवणाआधी की नंतर? मी दोन्ही दिवस विसरते, मग तिसऱ्या दिवशी तीन घेते." मी म्हटलं, मावशी, तीन एकदम नका हो घेऊ, डॉक्टरांना विचारा. त्या म्हणाल्या, डॉक्टर ओरडतात. आठवडाभरात असे पाच-सहा जण भेटले किंवा फोन आले. एकाची साखरेची गोळी, एकीचं थायरॉइड, एकाचं सुटलेलं आणि पुन्हा लागलेलं काहीतरी, ज्याचं नाव त्याने घेतलं नाही. पप्पांशी बोलायचं असायचं सगळ्यांना. पप्पा फोन कानाला लावून ऐकायचे, मधेच 'हं' म्हणायचे. एवढ्या वर्षांत लोक त्यांना चिंतन आवडलं म्हणून फोन करत. बोलायला म्हणून आत्ता करू लागले.

मी चमत्कार सांगत नाहीये. वडीलमंडळाने पुढच्या बैठकीत पानाबद्दल चर्चा केली आणि पान छापण्याआधी पाळकसाहेबांना दाखवावं असं ठरलं. आता शुक्रवारी त्यांना फोटो पाठवावा लागतो, म्हणजे डेडलाइन एक दिवसाने अलीकडे आली. पप्पांना हे आवडलेलं नाही. पाळकसाहेब अंगठा पाठवतात. फोटो उघडून पाठवतात की न उघडता, मी विचारलेलं नाही.

सवय लागायला एकवीस दिवस लागतात असं म्हणतात, ते 1960 च्या एका पुस्तकातून पसरलं. लंडनला मोजून पाहिलं तेव्हा सरासरी 66 दिवस आले, आणि कोणाला 18 तर कोणाला 254. त्याच अभ्यासात असंही दिसलं की मधे एखादा दिवस चुकला तरी सवय मोडत नाही. हे मी पप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, सात दिवस का नाही? मी म्हटलं, सात दिवसांत काहीच होत नाही पप्पा, तुमची चौकट शास्त्राला धरून नाही. त्यावर ते बराच वेळ शब्द शोधत होते. म्हणाले, "सात दिवसांनी... परत येतो ना पण. रविवार."

माझ्या विश्वासाचं काय झालं हे मला विचारू नका. एका मैत्रिणीने विचारलं आणि मी विषय बदलला. मी पुण्याला महिन्यातून एकदा जाते, बाकी इथूनच काम करते. पाळीचा आठवडा असला की अजूनही तीनला जाग येते. सवयींचं ॲप काढून टाकलं. बँड पप्पांच्या डाव्या मनगटावर आहे. त्यात ठोके दिसतात आणि त्यांना ते बघत बसायला आवडतं. गोळी सकाळी चहाच्या बशीत ठेवते. पहिल्या दिवशी ठेवली तेव्हा त्यांनी बशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बिस्किट आधी खाल्लं.

डाव्या हाताने लिहायचा सराव चालू आहे. दुरेघी वही, पहिलीच्या मुलांची. अक्षर अजून भोपळ्यासारखं येतं, आणि वळणदार अक्षराच्या माणसाला ते बघवत नाही, म्हणून पान झालं की वही उशीखाली जाते. सही मात्र आता तेच करतात. झेरॉक्समध्ये ती नीट उमटत नाही. दुकानदाराने दोनदा विचारलं की हे पुसू का, डाग आहे.

आज शुक्रवार आहे. साडेसहा झालेत. विषय अजून ठरलेला नाही. मी म्हटलं क्षमेवर लिहू, ते म्हणाले क्षमेवर मार्चमध्ये झालं. मी म्हटलं मग मीठ. जगाचं मीठ असण्यावर लिहायचं आणि खाली चौकटीत रोजचं मीठ एका चमच्याच्या आत. ते म्हणाले, "गणपतीनंतर... मासे सुरू झालेत लोकांचे. कोण ऐकणार?" आणि बोटं उघडायला हात पुढे केला.